उपडी होडी आणि मानाचा नारळ

तळकोकणात जाऊन आले म्हटलं की लोक विचारतात, समुद्र पाहिलात का, मासे खाल्लेत का, किल्ल्यात गेलात का. समुद्र लांबून पाहिला. मासे मी खात नाही. किल्ल्यात गेले नाही. मी गेले होते एक बंद पडलेलं थेटर पाहायला, आणि परत आले ती इतकी संतापून की शाळेत चार दिवस कुणी माझ्या वाटेला गेलं नाही. मी कन्याशाळेत चित्रकला शिकवते. मुली मला मागून मिरची म्हणतात, ते मला ठाऊक आहे.

गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तिथले दोन म्हातारे माझ्यावर दावा लावतील. कट्टा गावच्या बाजारापासून मालवणच्या बाजूला कुठेतरी, एवढं पुरे.

थेटर बांधलं माझ्या धाकट्या भावानं, वसंतानं. तो मुंबईत एका मोठ्या आर्किटेक्टच्या कचेरीत नोकरीला होता आणि जन्मभर त्यानं दुसऱ्यांच्या इमारतींचे जिने आणि मोऱ्या काढल्या. स्वतःची म्हणावी अशी ही एकच इमारत त्याच्या हातून झाली. संयुक्त महाराष्ट्र झाला त्या सुमारास या गावच्या मुंबईतल्या चाकरमान्यांनी मंडळ काढलं, आपल्या गावात नाटकाला पक्की जागा हवी असं ठरवलं आणि वसंताला गाठलं. तो दोन पावसाळे तिथं जाऊन येऊन होता. काळा होऊन आला, बारीक होऊन आला, पण इतका खूश मी त्याला मुंजीतसुद्धा पाहिला नव्हता. "ताई, पहिल्या खेळाला तुला नेतो," म्हणाला. पहिला खेळ झालाच नाही. विचारलं की गावाकडून निरोप यायचा, मुहूर्त ठरला की कळवतो. दोन वर्षांमागे काविळीनं वसंता गेला, तोवर यांचा मुहूर्त ठरत होता.

गेल्या दिवाळीनंतर शालूनं कळवलं की थेटर आता खताच्या गोदामाला द्यायचं चाललंय. शालू माझी जुनी विद्यार्थिनी, लग्न होऊन त्या गावात पडलेली. ट्रक आत शिरावा म्हणून रंगमंचामागची भिंत फोडणार होते, आणि जत्रा आटोपली की कामाला हात घालणार होते. भिंत पडायच्या आत तिथं एक खेळ झाला पाहिजे, असं मी ठरवलं. सबंध नको, अर्ध्या तासाचा चालेल. पण वसंताच्या रंगमंचावर माणसानं उभं राहून बोलायला हवं आणि समोर माणसांनी बसून ऐकायला हवं. एवढ्यासाठी मी रजा काढली आणि गेले.

सावंतवाडी

आंबोलीचा घाट उतरताना एस.टी.तल्या शेजारणीनं तिचं कोंबडं माझ्या मांडीवर दिलं, कारण तिला दोन्ही हातांनी डोकं धरायचं होतं. कोंबडं शहाणं होतं, मुकाट बसलं. शेजारीण मात्र सावंतवाडी येईपर्यंत मला दोष देत होती की मी खिडकीशी बसले म्हणून तिला घाट लागला.

रात्रीचा मुक्काम खाणावळीत. जाड मऊ आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ. पुण्यात आपण उसळीवर खोबरं भुरभुरवतो, पाहुणा असला तर जरा जास्त. इथं वाटाणे खोबऱ्यात शोधावे लागतात. सोलकढीत नारळ, भाजीत नारळ, गोडात नारळ, डोक्याला नारळाचं तेल. एवढ्या नारळाच्या मुलखात एक नारळ फोडायला माणूस मिळत नाही, हे मला दुसऱ्या दिवशी कळायचं होतं.

सकाळी तळ्याकाठून बाजारात गेले. लाकडी खेळण्यांच्या दुकानात केळी, आंबे, डाळिंबं अशी रंगवून ठेवली होती की चित्रकलेची मास्तरीण असून मी एक आंबा हुंगून पाहिला. दुकानदार हसला. कुठं जाणार विचारलं, मी गावाचं नाव सांगितलं.

"तो उपड्या होडयेचो गाव मा?" तो म्हणाला. "थंय थेटर आसा, नाटक नाय."

आणि पुन्हा हसला. मी आंबा जागेवर ठेवला आणि निघाले.

कट्टा

कसालला गाडी बदलून कट्ट्याला उतरले तर शालू बाजारात भाजीवाल्याशी भांडत उभी. शाळेत ही मुलगी पेन्सिल दाबायला भ्यायची, हिची चित्रं उजेडात धरून पाहावी लागत. आता एका वांग्यावरून तिनं सगळा बाजार डोक्यावर घेतला होता. मला बरं वाटलं.

घरी नेऊन तिनं गरम पेज दिली, बरोबर लोणच्याची फोड. मऊ भात पाण्यासकट प्यायचा, आजाऱ्याला देतात तसा, आणि हे लोक तो धडधाकट असताना आवडीनं खातात. मी दोनदा मागून घेतली. मग विचारलं, "शालू, खरं सांग. खेळ का झाला नाही?"

"बाई, तुम्ही रागवाल."

"रागावून झालंय माझं. तू सांग."

तेव्हा तिनं सांगितलं. गावात मानकऱ्यांची दोन घरं. एक वरचं घर, तिथले आबा. एक खालचं घर, तिथले भाऊ. देवळातली प्रत्येक गोष्ट कुणाची ते आजोबा-पणजोबांपासून ठरलेलं. जत्रेचा पहिला नारळ वरच्या घराचा, शिमग्याचा खालच्या घराचा. पालखीचा पुढचा दांडा यांचा, मागचा त्यांचा. इथवर ठीक. पण थेटर नवं. थेटराचा पहिला नारळ कुणी फोडायचा, हे कुणाच्याच पणजोबांनी सांगून ठेवलेलं नाही. आणि नारळ फुटल्याशिवाय कुठल्याही जागी खेळ करायचा नाही, हा गावाचा रिवाज.

"म्हणून?" मी म्हटलं.

"म्हणून बंद आहे."

"पाच वर्षं?"

शालूनं मान डोलावली. दोघांनी दाराला एकेक कुलूप घातलंय, म्हणाली. आबांचं वरती, भाऊंचं खालती.

मी पेजेची वाटी बाजूला सारली. वसंताला वाटलं होतं, इमारतीत काही चुकलं असेल. शेवटच्या दुखण्यात त्यानं एकदा मला विचारलं होतं, "ताई, त्यांना आवडली नसेल का गं?"

दोन पडव्या

किल्ल्या मागायला आधी वरच्या घरी गेले. आबा उंच, सडपातळ, पांढऱ्या मिशा, पडवीत आरामखुर्चीवर. माणूस अदबीचा. चहा आला, चहाबरोबर गुळात घोळवलेलं खाजं आलं, पुण्याची चौकशी झाली, सगळं आपल्या पुस्तकी मराठीत. थेटराचं नाव काढलं मात्र, गाडी मालवणीवर आली.

"तुमच्या भावाचां नाव आमी अजून काढतंव. बरो माणूस. पण चूक त्येचीच झाली. दारां दोन ठेवक व्हयी होती. आमी एका दारान भितर गेलो असतंव, ते दुसऱ्या दारान. झगडोच झालो नसतो."

मी चहाचा कप खाली ठेवला. माझा भाऊ मेला, आणि हा माणूस खाजं पुढं करून मला सांगत होता की चूक त्याची.

"देवाला विचारायचं होतं," मी म्हटलं.

"इचारलां मा. कौल लावलो. देवान उजवो दिल्यान. देवळात उजवी बाजू आमची, म्हणजे आमका."

नारळ एवढा महत्त्वाचा का, हेही मी विचारलं. आबा सरळ होऊन बसले. "पयलो नारळ ज्येचो, मान त्येचो. कायमचो. मगे त्येका इचारल्याशिवाय थंय खिळोय मारूचो नाय."

"मग आता भिंत पाडायला कुणाला विचारलंत?"

"मान कोणाचोच नाय, मगे इचारतलो कोणाक?"

खालच्या घरी भाऊ. बुटके, गोल, हसतमुख, पडवी तशीच, खुर्ची तशीच, खाजंही तेच. कौलाचं विचारल्यावर म्हणाले, "उजवो दिल्यान तां खरां. पण कौल लावलो कोणी? आमच्या घरान. म्हणजे तो उजवो आमचो."

मी म्हटलं, दोघं एकाच वेळी दोन नारळ फोडा. भाऊंनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "बाई, दोन नारळ एकदम फुटतत काय खंय? एकाचो आवाज आदी येतलोच. मगे निम्मो गाव म्हणतलो ह्यांचो, निम्मो म्हणतलो त्यांचो."

"मग नारळ एक घ्या. दोघांचे हात एका नारळावर ठेवा आणि आपटा."

 डोळे मिटून भाऊंनी हे सगळ्या बाजूंनी तपासलं. कुणाचा हात वर, कुणाचा खाली, असं विचारतील म्हणून मी आधीच सांगितलं की नारळ आडवा धरायचा. तेव्हा ते म्हणाले, वरच्या घरची तयारी असली तर माझी आहे. मी तशीच चढण चढून आबांकडे गेले. आबा म्हणाले, खालच्या घरची तयारी असली तर माझी आहे. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, उन्हं कलली की, असं ठरलं. दोघांनी आपापली किल्ली शालूच्या हातात दिली. वाटेत शालू माझ्याकडे पाहून हसत होती, आणि खोटं कशाला सांगू, मलाही आपण फार हुशार आहोत असं वाटत होतं.

सड्यावर

गावाच्या वर कातळाचा उघडा सडा आहे. झाड नाही, घर नाही, गवत वाळून सोनेरी झालेलं, लांब पश्चिमेला समुद्राची एक रेघ. त्या सड्यावर एक भली मोठी होडी पालथी घालून ठेवलेली दिसते. भिंती दिसतच नाहीत. नुसतं छप्पर जमिनीवर टेकलेलं.

ते वसंताचं थेटर. तिथं पूर्वी चिऱ्याची खाण होती. चिरे काढून काढून मोठा चौकोनी खड्डा पडला होता, त्यात गुरं पडायची. गावानं जागा दिली ती ही, कारण दुसऱ्या कशाच्या उपयोगाची नव्हती. वसंतानं खड्डा बुजवला नाही. खड्ड्याच्या तीन बाजूंना उतरत्या पायऱ्या कोरल्या, त्याच बसायच्या जागा. चौथी बाजू उताराकडे, चिरे न्यायला गाड्या तिथून येत; तिथं भिंत घातली आणि भिंतीपुढं तळाशी रंगमंच. वर छपराला त्यानं मालवणच्या होड्या बांधणारे सुतार आणले आणि होडीच्या बरगड्या असतात तशा लाकडी बरगड्या उलट्या उभ्या केल्या, त्यावर कौलं. छप्पर आणि जमीन यांच्यात हातभर फट ठेवली, तिच्यातून समुद्राचा वारा येतो आणि उजेडाची एक पट्टी सगळीकडून फिरते. मुंबईतल्या त्याच्या साहेबानं नकाशा पाहून विचारलं होतं, हे थेटर आहे की विहीर.

कुलपं गंजली होती. शालूनं खोबरेल सोडलं तेव्हा फिरली. दार एकच, आणि अरुंद. एका माणसानं उतरत जायचं, दोन बाजूंना चिऱ्याच्या भिंती, आणि वळण घेतलं की एकदम सगळं समोर. मी तिथं थांबले. मग मला पायरीवर बसावं लागलं.

थोड्या वेळानं राग परत आला, तेव्हा बरं वाटलं. खाली रंगमंचाभोवती घोटाभर काळं पाणी साचलं होतं. पायऱ्यांवर ओलीच्या रेघा, वर्षावर्षाच्या. वटवाघळांची घाण. पावसाचं पाणी बाहेर जायला वसंतानं खडकात चर काढला होता, तो पालापाचोळ्यानं तोंडापर्यंत भरलेला. पाच पावसाळ्यांत एकदा कुणी खराटा घेऊन आला असता तर भागलं असतं. पण चर उपसणं हे मानाचं काम नाही ना. मानाचं असतं तर उपसायला दोन घरांच्या मारामाऱ्या झाल्या असत्या.

मी पदर खोचला आणि खराटा मागवला. शालू म्हणाली, बाई तुम्ही नको. मी म्हटलं, मग कोण? ती आली, तिच्या शेजारणी दोघी आल्या. चराच्या तोंडाशी पानांचा असा बोळा बसला होता की तो मी हातानं ओढला तेव्हा पाण्यासकट मीच खाली बसले. पुण्याहून आणलेलं चांगलं लुगडं गेलं. पण पाणी मोठ्यानं गुळगुळ करत वाहून गेलं, आणि खाली काळी फरशी दिसायला लागली. आमचं बोलणं त्या जागेत चहूकडून स्वच्छ ऐकू येत होतं. एक शेजारीण कुजबुजली की पुण्याची बाई जरा तापट दिसते. ते मी वरच्या पायरीवरून ऐकलं.

जत्रा

जत्रा झाली, देवळापुढं रात्रभर दशावतार झाला. ज्यांनी पाहिला नाही त्यांना एवढंच सांगते की पडदा नाही, देखावा नाही. एक बाकडं. त्याच्यावर बसला तो राजा, उठला की रान. लिहिलेलं भाषण नाही, नट तिथल्या तिथं बोलतात, आणि पुरुषच बायका होतात. पुण्यात आपण बंगल्यातल्या दिवाणखान्याचा देखावा उभा करायला अंक संपल्यावर अर्धा तास खोळंबतो. वसंतानं हेच पाहून रंगमंचावर एकच गोष्ट ठेवली होती, एक दगडी बाकडं.

दशावताराच्या मंडळीत राजाचं काम करणारा गुणाजी. दुसऱ्या दिवशी दुपारी तो देवळाच्या ओसरीवर आडवा पडला होता, कानामागं अजून रंग, आणि चारचौघांना आपल्याच कालच्या भाषणाची तारीफ सांगत होता. मी थेटराचं सांगितलं. तो म्हणाला, पाहिलंय, फटीतून.

"राजाक बसूक बाकडां दगडाचां कित्याक केल्यान तुमच्या भावान? बसल्यार थंड लागता."

"आवाज किती लागतो ते पाहिलंत का?"

"कोणाचो?"

"तुमचा."

गुणाजी उठून बसला. हा माणूस जन्मभर उघड्यावर ओरडत आलेला. त्याला मी सांगितलं की तिथं कुजबुजलं तरी वरच्या पायरीवर ऐकू येतं. मग त्यानं मला मंडळीचा नियम सांगितला. त्यांच्या सोंगांचा वेताचा पेटारा असतो, त्यात त्यांचा गणपती. पेटारा मांडायचा, पुढ्यात नारळ फुटायचा. "नारळ फुटल्याशिवाय आमी तोंड उघडूचे नाय. आणि फुटलो, तर मगे खेळ करूकच व्हयो. पाऊस येवंदे, नायतर फौजदार येवंदे. नाय केलो तर पेटाऱ्याचो अपमान." संध्याकाळी त्यांना पुढच्या गावच्या जत्रेला निघायचं होतं. त्याआधी तासभर मिळेल, म्हणाला.

नारळ

पेटारा रंगमंचावर मांडला. पायऱ्यांवर माणसं आली. आधी बायका आल्या, त्या दाराशी घुटमळल्या, मग एकीनं पाय टाकला तशा सगळ्या उतरल्या. मग पुरुष. लोक छपराच्या बरगड्यांकडे माना वर करून पाहत होते. पाच वर्षं गावात राहून त्यांनी ते आतून पाहिलं नव्हतं. एक म्हातारी पायरीवर हात फिरवत म्हणाली, माझ्या नवऱ्यानं इथले चिरे काढले.

उन्हं कलली. आबा आले नाहीत. भाऊ आले नाहीत.

शालूनं माणूस पाठवला. तो परत आला, म्हणाला, आबा तयार होऊन बसलेत, डोक्याला फेटा आहे. भाऊ निघाले का, असं विचारतायत. दुसरा माणूस पाठवला. भाऊही तयार होऊन बसलेत, कोट आहे. आबा निघाले का, विचारतायत. जो आधी येईल त्याला दुसऱ्याची वाट पाहत उभं राहावं लागेल, आणि मानकरी कुणाची वाट पाहत नाही. दोघं आपापल्या पडवीत बसून होते, आणि मध्ये निरोप्ये धापा टाकत होते.

छपराच्या फटीतून येणारी उजेडाची पट्टी पायरी पायरी वर चढत होती. गुणाजीनं दोनदा आकाशाकडे पाहिलं. मग मंडळीतला एक जण उठला आणि पेटाऱ्याची दोरी बांधायला लागला. पायऱ्यांवर काही बायकांनी पदर सावरले. म्हणजे उठायची तयारी. कुणी रागावलेलं नव्हतं. हे असंच होणार, हे सगळ्यांना माहीत असल्यासारखं.

तिथं माझं डोकं फिरलं. शांतपणे बसलेल्या त्या माणसांवर मी जितकी चिडले तितकी त्या दोन म्हाताऱ्यांवरही चिडले नव्हते. नारळ ताटात होता. मी उठले, तो उचलला.

"बाई," शालू घाबरून म्हणाली. "बायकांनी फोडायचा नसतो."

"पुरुष फोडत नाहीत," मी म्हटलं.

वसंताच्या दगडी बाकड्याच्या कडेवर आपटला. नारळ हातातून सटकला आणि घरंगळत पेटाऱ्याला जाऊन लागला. कुणी हसलं नाही. मी आणला, दोन्ही हातांत धरला आणि पुन्हा घातला. फुटला. पाणी माझ्या लुगड्यावर आणि पेटाऱ्यावर. तो आवाज त्या खड्ड्यात फिरून सगळ्या पायऱ्यांवर पोचला. मग कुणी श्वास घेतला तरी ऐकू येत होतं.

गुणाजी माझ्याकडे बघत राहिला. पेटाऱ्याची दोरी बांधणाऱ्यानं हात मागं घेतले.

"नारळ फुटलो," गुणाजी म्हणाला. "आता माका इलाज नाय." आणि डोक्यावर मुकुट चढवून तो बाकड्यावर बसला.

रंग लावायला वेळ नव्हता. मळक्या धोतरावर मुकुट, एवढाच राजा. त्याच्या नगरात वैरी शिरलाय आणि राणी विचारते आहे, आता काय करायचं. पहिलं वाक्य तो सवयीनं ओरडला, आणि दचकला. दुसरं हळू बोलला. तिसरं त्याहून हळू. त्याला कळलं. मग तो राणीशी असा बोलायला लागला की जसं घरात बोलतात, चुलीपाशी, आणि वरच्या पायरीवर बसलेल्या म्हातारीनं पदर तोंडाला लावला.

तेवढ्यात दारात गलका. नारळाची बातमी दोन्ही पडव्यांवर पोचली होती. आबा आणि भाऊ, फेटा आणि कोट, दोन वाटांनी धावत आले आणि खेळ बंद पाडायला दाराशी एकदमच पोचले. दार एकाच माणसाचं.

"बाजूक सरा. मी पयलो जातलंय," आबांचा आवाज आला.

"तुमी खंयचे पयले?"

"मी थोरल्या घरचो."

"कोणी सांगल्यान थोरलां? पाय काडा."

कुणी आधी आत शिरायचं हे ठरेना, आणि दुसऱ्याला आधी शिरू द्यायचं नव्हतं. ते दाराबाहेर भांडत राहिले आणि आत खेळ चालू राहिला. गुणाजीनं एकदा तिकडे कान दिला आणि राणीला म्हणाला, वेशीवर वैरी आपसांत लढतायत, तोवर आपण बोलून घेऊ. पायऱ्यांवर हसू फुटलं. मी हसले नाही. मी रडत होते, आणि मला त्याचाही राग येत होता. वसंता, तुझं एक दार किती बरोबर होतं ते तुला कळायला पाहिजे होतं.

वैरी हरला. राजा उठला, बाकडं रिकामं झालं, खेळ संपला. लोक वर आले तेव्हा दोघं म्हातारे दम लागल्यासारखे भिंतीला टेकून उभे होते. दोघांनी मिळून माझ्याकडे बोट केलं. पाच वर्षांत त्यांनी एकत्र केलेली ती पहिली गोष्ट.

निघताना गुणाजीनं नारळाची एक वाटी पेटाऱ्यात ठेवली आणि दुसरी माझ्या हातावर. "ही फोडतल्याची," म्हणाला. "रिवाज आसा." दुसऱ्या दिवशी कसालला गाडीची वाट पाहताना मी ती खाल्ली. खोबरं गोड होतं.

पुणे

मे महिन्यात शालू माहेरपणाला आली. भेटायला आली ती पिशवीत दोन नारळ घेऊन.

भिंत फोडायला पहारी घेऊन माणसं आली होती, म्हणाली. पण गावानं त्यांना परत पाठवलं. पेटाऱ्यापुढं पहिला नारळ फुटला तो फुटला, तो काही परत जोडता येत नाही. ज्यानं फोडला मान त्याचा, आणि त्याला विचारल्याशिवाय तिथं खिळासुद्धा मारायचा नाही. "बाई, त्यांच्या रिवाजानं आता थेटराच्या मानकरी तुम्ही. भिंतीला कुणी हात लावत नाही."

"आणि हे नारळ?"

शालू ओशाळली. एक आबांनी दिलाय. पुण्याच्या बाईनं मान वरच्या घराला सोडून द्यावा, अशी विनंती आहे. दुसरा भाऊंनी दिलाय. विनंती तीच, घर दुसरं. एकमेकांना कळू देऊ नकोस, असं दोघांनी बजावलंय.

मी दोन्ही नारळ फोडले, उंबऱ्यावर. एक आबांच्या नावानं, एक भाऊंच्या. मग विळी घेऊन खोवायला बसले. पाच वर्षं. यातला कुठलाही एक नारळ, कुणाच्याही हातानं, वसंताच्या देखत फुटला असता तर त्यांचं काय गेलं असतं. तो पायरीवर बसून ऐकत बसला असता. मला सांगितलं असतं, ताई, बघ, आवडली त्यांना.

"काय सांगू त्यांना?" शालूनं विचारलं.

"सांग, मान सोडत नाही. जत्रेला येते, नारळ मी फोडणार. पण पाऊस तोंडावर आलाय. त्याआधी चर उपसून झाला पाहिजे."

"कुणी उपसायचा?"

"त्या दोघांनी," मी म्हटलं. "आणि खोरं एकच न्या म्हणावं."